वस्फिया आत्या आणि आधीच प्यालेली कॉफी

सैदा शहराबाहेरची आमची निर्वासितांची छावणी भाकरीसारखी सपाट आहे. चेंडू ठेवला तर जागचा हलत नाही, घरंगळायला त्याला उतारच नाही. पण वस्फिया आत्याला कुणी विचारलं की बाई कुठं निघालीस, तर ती म्हणायची, खाली चाललेय, खालच्यांकडे. आणि परत येताना गुडघ्यावर हात ठेवून, मध्ये दोनदा थांबून, धापा टाकत यायची. सपाट गल्लीतून. जशी काय डोंगरच चढून आली.

कारण गावात चढण होती. आमचं गाव कफ्र लौझा, डोंगराच्या अंगावर वसलेलं, वरची आळी वर आणि खालची आळी खाली विहिरीपाशी. अठ्ठेचाळीस सालच्या लढाईत गाव शत्रूच्या हाती गेलं, माणसं सरहद्द ओलांडून इकडं लेबनानात आली, तंबू ठोकले, तंबूंवर पत्रे आले, पत्र्यांना भिंती आल्या, भिंतींवर मजले चढले, पण वरचे ते वरचेच राहिले आणि खालचे ते खालचेच. मध्ये फक्त एक गटार. त्या गटाराला आत्या ओढा म्हणायची. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तर आमच्या लोकांचा सुंभच काय, खुंटा आणि गोठासुद्धा गेला होता, पीळ मात्र शाबूत.

आणि त्या पिळाचं नाव एकच. गाव आधी कोणी सोडलं?

वरच्या आळीचं म्हणणं असं की खालचे आधी निघाले. विहिरीपाशी राहायचे, संध्याकाळी जनावरं सोडून दिली आणि निघाले, त्यांना जाताना बघून वरच्यांचा धीर सुटला. खालच्या आळीचं म्हणणं असं की वरच्यांच्या गच्चीवर पांढरी चादर दिसली, वरच्यांनी हात वर केले असं वाटलं, मग खाली कोणासाठी थांबायचं? यावर आत्या जे बोलायची ते इथं लिहिण्यासारखं नाही. ती चादर तिच्याच आईची होती, त्यावर बुरगुल वाळत घातलं होतं. गहू उकडायचा, उन्हात वाळवायचा, मग भरडायचा, ते बुरगुल. आत्या म्हणायची, डोळे आहेत का बटणं, चादर काठीला बांधलेली होती का गच्चीवर अंथरलेली होती, एवढं तरी कळतं का तुम्हाला?

हे भांडण सगळीकडे घुसायचं. लग्नात घुसायचं, मयतीत घुसायचं. एकदा दोन्ही आळ्यांच्या पोरांचा फुटबॉलचा सामना चालला होता, पंचानं गोल दिला नाही, तर पंचालाच विचारलं की तुझा आजा कुठल्या रस्त्यानं पळाला ते सांग आधी. सामना तिथंच संपला. एकदा बाहेरदेशाची एक शिकलेली पोरगी आली, सगळ्या म्हाताऱ्यांना बसवलं, मशीन सुरू केलं आणि फार आदरानं विचारलं की तुम्ही गाव का सोडलं. दोन्ही आळ्या एकदमच बोलायला लागल्या. ती पोरगी चहा न पिताच डोकं धरून गेली. तिच्या मशीनवर फक्त आरडाओरडा आणि मधूनमधून आत्याचं "बटणं" एवढंच ऐकू येत असणार.

खालच्या आळीचा सगळ्यात मोठा आवाज म्हणजे हाज मिस्बाह, हज करून आलेला म्हणून हाज. गाव गेलं तेव्हा तो सोळा वर्षांचा होता, आत्या नऊ. हा मिस्बाह कबुतरं पाळायचा. त्याच्या गच्चीवर ढाबळ होती आणि आत्याच्या गच्चीवर दर उन्हाळ्यात बुरगुल असायचं, गावात असायचं तसंच, फक्त इथं पाण्याच्या टाक्या आणि विजेच्या तारांच्या मधून जागा काढून. आता कबुतराला ओढा काय आणि गटार काय. ती यायची, पोटभर खायची आणि जायची. आत्या झाडू घेऊन गच्चीवर उभी राहून ओरडायची की मिस्बाह, तुझी पाखरं तुझ्यासारखीच, दुसऱ्याच्या चादरीवर नजर. तो तिकडून ओरडायचा की चादर आत घे बाई, शत्रूला वाटेल शरण आलात.

असं वर्षानुवर्षं चाललं होतं. दोघांनाही त्याशिवाय जेवण जायचं नाही.

मग झालं असं की आत्याचे गुडघे धरले आणि गच्चीवर राखणीला तिची नात रनीम जायला लागली. रनीमचा बाप नादिर, आत्याचा एकुलता एक, डेन्मार्कला गेलेला. छावणीतल्या माणसाला इथं धड नोकरी कोण देतो? तो गेला, जम बसला, मग बायको गेली, धाकटी पोरं गेली, आणि रनीम आजीपाशी राहिली, कारण आजी काही केल्या जाईना. आजी म्हणायची, एकदा चार दिवसांसाठी म्हणून घराबाहेर पडले होते, अजून परत चाललेय, आता आणखी लांब नाही जायचं मला. तर ही रनीम गच्चीवर राखणीला. आणि तिकडून पाखरं हाकायला मिस्बाहचा नातू कुसय. तो पाखरं हाकायला इकडच्या गच्चीवर यायचा, म्हणजे असं सांगायचा. पाखरंही काही कमी नव्हती, त्या उन्हाळ्यात बुरगुलाचं एवढं नुकसान झालं की आत्याला कळेना, दोन दोन माणसं राखणीला असून चादर रिकामी कशी.

कळलं तेव्हा आत्या पलंगावर मटकन बसली. घरच्यांना वाटलं अंगावरून वारं गेलं की काय. मग म्हणाली, खालच्यांचा?

रनीम तशी गोड पोरगी, पण आजीचाच नमुना. ती म्हणाली, "आज्जी, खालच्यांचा. तू हो म्हण, मी तुझ्यापासून दोन गल्ल्यांवर राहीन, रोज सकाळी तुझे गुडघे चोळायला येईन. नाही म्हण, मी बाबांकडे डेन्मार्कला जाते. कागद तयार आहेत."

आता बघा आत्याची अवस्था. साठ वर्षं ती सांगत आलेली की खालच्यांनी भर सभेत कबूल करावं, आम्ही आधी निघालो म्हणून, तोवर त्यांच्याशी सोयरीक नाही. आख्खी वरची आळी तिच्या भरवशावर ताठ उभी. आणि इकडं नात गेली तर घरात उरणार काय? पलंग, रेडिओ आणि गुडघे. तिला हो म्हणायचं होतं. आतून तर ती केव्हाच हो म्हणून मोकळी झाली होती, पण तोंडातून शब्द निघेना. मग तिनं आपल्या भावाला, शुक्री काकांना बोलावलं आणि सांगितलं की जाहा येऊ दे.

जाहा म्हणजे मुलाकडची मोठी माणसं घोळक्यानं मुलगी मागायला येतात ती. त्यात सगळा खेळ कॉफीचा असतो. घरच्यांनी कडू कॉफी द्यायची, जाहाच्या म्होरक्यानं कप हातात घ्यायचा आणि न पिता समोर ठेवायचा. ठेवला म्हणजे काहीतरी मागायला आलाय. मग तो मागणी घालतो, आणि घरचा मोठा माणूस म्हणतो, प्या तुमची कॉफी, ज्यासाठी आलात ते दिलं. मग प्यायची. तोवर कॉफी तशीच. आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. नाही म्हणायचं असेल तर कॉफी गार होत राहते, आणि गार कॉफीसारखी नाचक्की दुसरी नाही.

ठरल्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर खालची आळी वर आली. म्होरक्या अर्थातच हाज मिस्बाह, इस्त्रीचा अंगरखा, डोक्यावर पांढरा रुमाल, मिशीला पीळ. मागं पंधरा-वीस माणसं. सपाट गल्लीतून येताना त्यांच्यातला एकजण म्हणाला म्हणे की वरच्यांकडे यायचं म्हणजे दम लागतो. वरच्यांना तेवढ्यानंच बरं वाटलं.

बैठक भरली. बायका स्वयंपाकघरात, दाराला कान लावून, आणि सगळ्यात पुढचा कान आत्याचा. रनीम तिच्या पाठीशी, आजीच्या ओढणीचं टोक मुठीत धरून. मिस्बाहच्या हातात कप आला. आता ठेवायचा आणि बोलायचं, एवढंच काम.

पण शुक्री काकांना धीर कुठला? काका आधीच ठरवून बसले होते. मिस्बाहनं कप खाली ठेवायच्या आत काकांनी सुरुवात केली. म्हणाले, मुलगी आमची, घर आमचं, पण कॉफीच्या आधी एक गोष्ट साफ व्हायला पाहिजे. नमनालाच घडाभर तेल. अठ्ठेचाळीस सालापासून सुरुवात केली. विहीर आली, जनावरं आली, झैतुनाचं, म्हणजे ऑलिव्हचं, रान आलं, कोण कुठल्या पायवाटेनं गेलं ते आलं. आवाज चढत गेला. मिस्बाहचा चेहरा लाल होत गेला. कप तसाच हातात. खालच्यांची माणसं कुजबुजायला लागली, वरच्यांची खाकरायला लागली. शेवटी काका बोट रोखून म्हणाले, "सांग हाज, सगळ्यांसमोर सांग, आधी कोण निघालं?"

आख्खी बैठक मिस्बाहकडे बघायला लागली.

आणि हाज मिस्बाहनं कप तोंडाला लावला आणि कॉफी पिऊन टाकली.

घोटभर नव्हे. सगळी. तळाचा गाळसुद्धा. वर रिकामा कप सवयीनं दोनदा हलवला, म्हणजे आता बस झाली.

मग मिस्बाहनं कपाकडे पाहिलं, आणि आपण काय केलं ते त्याला कळलं, आणि त्याचं तोंड असं झालं की स्वयंपाकघरात एकीला हसू आलं ते तिनं ओढणीत कोंबलं, पण ते दुसरीला लागलं, दुसरीकडून तिसरीला.

बैठकीत मात्र गोंधळ उडाला. खालचे म्हणाले, हाज कॉफी प्याले, तुमच्या घरात प्याले, तुमच्याच हातची, म्हणजे मुलगी दिली. वरचे म्हणाले, मागितली कुठं, न मागताच प्याले, म्हणजे आता तोंड नाही मागायला, उठा. खालचे म्हणाले, तुमच्या शुक्रीनं बोलायचं सोडून भाषण ठोकलं, आधी रीत मोडली ती त्यानं. वरचे म्हणाले, आधी कप उचलला तो तुमच्या हाजनं. आधी तुम्ही. आधी तुम्ही. एक म्हातारा काठी आपटत म्हणाला, अरे पण ताकाला येऊन भांडं लपवणारे पाहिले होते, भांडं रिकामं करून ताक मागणारे आजच बघतोय. त्यावर दोन्हीकडचे हसले आणि हसले म्हणून पुन्हा एकमेकांवर चिडले.

तीन-चार माणसं उठून उभी राहिली. चपला शोधायला लागली. आतमध्ये रनीमच्या हातातून ओढणीचं टोक सुटलं. आत्यानं मागं वळून तिच्याकडे पाहिलं. पोरगी रडत नव्हती, नुसती भिंतीकडे बघत होती, जशी आतापासूनच डेन्मार्कमध्ये उभी आहे.

मग आत्यानं कॉफीची किटली उचलली आणि पुरुषांच्या बैठकीत गेली.

बाईमाणूस जाहात येत नाही. पण सत्तरीच्या बाईला, त्यातून हातात उकळती किटली असलेल्या बाईला, अडवणार कोण? चपला शोधणारे जागच्या जागी बसले. ती सरळ मिस्बाहसमोर जाऊन उभी राहिली. सगळ्यांना वाटलं, आता ऐकवते. साठ वर्षांत एवढी चांगली संधी तिला मिळाली नव्हती.

ती म्हणाली, "मिस्बाह, कॉफी का प्यालास?"

"मला काय ठाऊक, वस्फिया." बिचारा कपाकडेच बघत होता. "शुक्री ओरडत होता. घसा कोरडा पडला होता. हातात कप होता, आणि सगळे माझ्याकडे बघत होते. प्यालो."

"ठरवून नाही प्यालास?"

"ठरवून कोण पितं असल्या वेळी?"

"आणि गावातून निघालास ते ठरवून निघालास?"

शुक्री काका काही बोलणार होते, आत्यानं किटलीची चोच त्यांच्याकडे वळवली. काका मागं सरकले.

मिस्बाहनं डोकं खाजवलं. मग सांगायला लागला, आणि गंमत अशी की साठ वर्षांत एवढं भांडूनही हे कोणी ऐकलं नव्हतं, कारण पुढचं ऐकून घ्यायच्या आतच समोरचा ओरडायला लागायचा. रमजान होता. दिवसभराचा उपास. महिनाभर आधीपासून हैफाहून आलेली माणसं गावात गाद्या घेऊन बसलेली, ती दैर यासीन गावातल्या कत्तलीचं सांगायची, बायकापोरांचं काय झालं तिथं ते. आपल्या मदतीला आलेले बंदुकवाले होते, ते दोन दिवसांपूर्वी हुकूम आला म्हणून निघून गेले. संध्याकाळी बांग झाली, सोळा वर्षांच्या मिस्बाहनं खजूर तोंडात टाकला आणि तेवढ्यात विमान आलं. विहिरीपाशी पहिला धमाका झाला. जनावरं कोणी सोडली नाहीत, तीच दावी तोडून पळाली. आईनं हात धरला आणि ओढलं. तो म्हणाला, "खजुराची बी तोंडातच होती. झैतुनाच्या रानात पोचलो तेव्हा थुंकलो. कुणी विचारलं असतं कुठं चाललास, तर म्हणालो असतो, बी थुंकायला."

बैठकीत पुन्हा हसू आलं, पण आता कोणाचं कोणावर नव्हतं.

आत्यानं भावाला विचारलं, "आणि तू रे, शुक्री? तू कुठं होतास?"

काकांनी आधी मिशी चाचपली. मग म्हणाले की वरून धूर दिसला. बाबा म्हणाले, चार दिवस रानात काढू, मग येऊ. आईनं चादरीवरचं बुरगुल गोळा करायला घेतलं तर दुसरं विमान आलं, चादर तशीच टाकली. मग खाली मान घालून म्हणाले, "त्याच संध्याकाळी निघालो. खालचे अजून रानात पोचायचे होते."

ही एवढी गोष्ट. एकाच संध्याकाळची. वरच्यांनी खालच्यांचा गलका ऐकला आणि खालच्यांनी वरची टाकलेली चादर पाहिली.

तेवढ्यात मघाचा काठीवाला म्हातारा, तोही खालच्यांचाच, म्हणाला की आमचा आजा तर निघालाच नाही. म्हणाला होता, मी म्हातारा, मला कोण काय करतंय. आणखी दहा-बारा जण होते तसे, दोन्ही आळ्यांचे. शत्रूचे शिपाई गावात शिरले, त्यांनी या सगळ्यांना चौकात बसवलं, ट्रकात भरलं आणि सरहद्दीच्या रस्त्यावर उतरवून डोक्यावरून बंदूक झाडली, चला पुढं. आजा घरच्या सपाता घालूनच सरहद्दीपार आला. नंतर मरेपर्यंत त्याच सपाता.

आत्या म्हणाली, "ऐकलंत? जे भ्याले ते गेले आणि जे भ्याले नाहीत त्यांना ट्रकात घातलं. मग आधी कोण आणि मागून कोण, याचं काय लोणचं घालायचंय?"

काठीवाल्यानं काठी भिंतीला टेकवली.

"आणि घराबाहेर पडल्यानं का कोणी निर्वासित होतं? माणूस रोज घराबाहेर पडतो, संध्याकाळी परत येतो. आमचा बाप गेला होता की परत. पहिल्यांदा गेला, लपतछपत, आणि गव्हाचं पोतं घेऊन आला. दुसऱ्यांदा गेला तर पकडलं आणि गाडीत घालून सरहद्दीवर आणून टाकलं. तिसऱ्यांदा गेला आणि हात हलवत आला. म्हणाला, घरच नाहीये, सुरुंग लावून पाडलंय, आत कुठं जाऊ? त्या दिवशी आम्ही निर्वासित झालो. निघालो त्या दिवशी नाही. दार लावणारा तिकडं आहे, आणि आपण इथं एकमेकांना विचारतोय, उंबरा आधी कोणी ओलांडला."

तिचा आवाज जरा चिरकला. तिला ते मुळीच आवडलं नाही, म्हणून ती लगेच मिस्बाहवर घसरली. म्हणाली, "आणि तू. साधी रीत पाळता येत नाही. साठ वर्षं कबुतरांना माझं बुरगुल खाऊ घातलंस, आता कॉफीसुद्धा सोडली नाहीस. धर कप."

मिस्बाहनं मुकाट कप धरला. दोन्ही हातांनी. आत्यानं भरला. म्हणाली, "कप रिकामा झाला तर किटली ज्याच्या हातात असते त्यानं भरायचा असतो. एवढं सोपं असतं ते. ठेव आता खाली. ठेव म्हटलं ना."

मिस्बाहनं कप इतक्या हळू खाली ठेवला की जणू पेटलेली वात आहे. मग उभा राहिला, घसा साफ केला आणि रीतसर, अल्लाचं नाव घेऊन, आमच्या कुसयसाठी तुमची रनीम मागायला आलोय, असं म्हणाला. त्यात एकदा चुकून रनीमच्या ऐवजी वस्फिया म्हणाला. आत्या म्हणाली, मी रिकामी नाही. बायकांचं हसू दारातून बाहेरच पडलं.

आता सगळे शुक्री काकांकडे बघायला लागले. काकांनी थोडा वेळ खाल्ला. तेवढा हक्क होताच त्यांचा. मग म्हणाले, "प्या हाज. दिली. आणि या वेळी सांगितल्यावर पिताय, हे मी लक्षात ठेवीन."

सोयरीक ठरली म्हणून फातिहा वाचली, बायकांनी जिभा फिरवून असा गजर केला की गल्लीतली मांजरं पळाली. रनीमनं आजीला मिठी मारली तेव्हा किटली अजून आजीच्या हातात होती, दोघींच्याही अंगावर कॉफी सांडली. आत्या म्हणाली, सोड, भाजलं, आणि स्वतः मात्र सोडेना.

लग्न असं झालं की विचारू नका. दबके नाचाची रांग वरच्या आळीतून सुरू झाली आणि नाचत नाचत गटार ओलांडून खाली गेली, पुढचं टोक मिस्बाहच्या दारात आणि मागचं आत्याच्या, आणि पाय एकाच ठेक्यात. आत्या गुडघे विसरून तीन पावलं नाचली. मिस्बाहनं आनंदाच्या भरात कबुतरं सोडली, आणि ती कुठं जाऊन बसली? आत्याच्या चादरीवर. वऱ्हाडाच्या जेवणाचं बुरगुल होतं ते.

भांडण काही मिटलं नाही हं. मिटेल कसं? फक्त विषय बदलला. आता वरचे विचारायचे, कॉफी आधी कोण प्यालं, आणि खालचे म्हणायचे, भाषण आधी कोणी केलं. रनीम दोन गल्ल्यांवर राहिली, रोज सकाळी गुडघे चोळायला आली, पोरं झाली, ती पोरं वरची का खालची यावर आत्या आणि मिस्बाह गच्चीगच्चीवरून ओरडायचे.

या हिवाळ्यात आत्या गेली. झोपेतच गेली, रनीम सकाळी तेलाची वाटी घेऊन आली तेव्हा कळलं. तिला छावणीच्या कबरस्तानात ठेवली. तेही सपाटच आहे, पण त्यातही वरच्यांची बाजू आहे आणि खालच्यांची बाजू आहे. तिला वरच्यांच्या बाजूला, अगदी कडेला जागा मिळाली.

दुखवट्याला लोक आले, कडू कॉफी फिरत होती. दुसऱ्या दिवशी हाज मिस्बाह आला. आता पाठीत वाकलाय. गल्लीतून येताना मध्ये दोनदा थांबला, गुडघ्यावर हात ठेवून दम खाल्ला, आणि सगळे बघत होते, पण सपाट आहे की हाज, असं कोणी म्हणालं नाही. शुक्री काकांच्या शेजारी बसला. त्याच्या हातात कप आला.

त्यानं कप खाली ठेवला.

दुखवट्यात असं कोणी करत नाही. काकांनी विचारलं, हाज, काय हवंय?

मिस्बाह म्हणाला, "मला वरच्यांच्या बाजूला जागा द्या. माझी वेळ आली की. तिच्या पलीकडं, कडेला, थोडी मोकळी आहे, मी बघून आलोय. ती तिकडं एकटीच, शुक्री. भांडायला कोणी नाही तिला. आयुष्यभर खाली राहिलो, एकदा वर येऊ दे."

काकांनी रुमाल काढला, नाक पुसलं, रुमाल घडी करून खिशात घातला. कॉफी गार होत चालली होती.

"प्या हाज," काका म्हणाले. "दिली."

हाज मिस्बाहनं कप उचलला, ओठांपर्यंत नेला, थांबला, आणि प्यायच्या आधी पुन्हा एकदा काकांकडे बघून खात्री करून घेतली.